पत्रिकेतून निघालेलं नाव

गेल्या नोव्हेंबरात आमच्या मंडळीच्या बैठकीत नाताळच्या पत्रिकेचा मसुदा आला. ही पत्रिका आम्ही दरवर्षी चर्चच्या आसपासच्या घरांत आणि दुकानांत वाटतो. मसुदा हिंदीत होता. इंदूरमध्ये आमची उपासना हिंदीतच चालते. नगर जिल्ह्यातून आलेली आमच्यासारखी मराठी ख्रिस्ती घरं मंडळीत थोडीच, आणि मराठी गीत म्हणायचं तर पेटी धरणाराही आता एकच उरला आहे. पत्रिका देखणी होती. वर तारा, कोपऱ्यांत मेणबत्त्या, मध्ये ‘प्रेम, शांति और भाईचारे का पर्व’. वेळ, ठिकाण, चहापान. मी ती दोनदा वाचली. ज्याचा जन्मदिवस, त्याचं नाव कुठेच नव्हतं.

मी विचारलं, तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी शांतपणे समजावलं. “ताई, दिवस कसे आहेत ते बघता ना तुम्ही? कुणी फोटो काढून धर्मप्रचाराची तक्रार केली, तर पत्रिका वाटणाऱ्या पोरांना ठाण्यातून सोडवून कोण आणणार? सांस्कृतिक कार्यक्रम म्हटलं की कुणाचं काही म्हणणं राहत नाही.” माझ्या वडिलांच्या शेवटच्या आजारपणात रात्र रात्र उशाशी बसलेला हा माणूस. त्यांना भित्रं म्हणण्याचा मला अधिकार नाही, आणि त्यांची भीती खोटीही नाही. मी गप्प बसले. पण त्या रात्री झोप लागली नाही, आणि तेव्हापासून जे मनात घोळतंय ते इथे मांडते आहे.

नाताळ हा सगळ्यांचा सण, असं आपण फार सहज म्हणतो. दिवे सगळ्यांचे, गाणी सगळ्यांची, केक तर सगळ्यांचाच. यात काही वावगं नाही. पण ख्रिस्ती माणूस नाताळ साजरा करतो तेव्हा तो एका प्रश्नाला उत्तर देत असतो: गव्हाणीतल्या या बाळाला मी माझा प्रभू मानतो का, आणि मानत असेन तर येत्या वर्षात माझ्या जगण्यात काय बदलणार? हे उत्तर ज्याचं त्याने द्यायचं असतं. आजोबांनी दिलेलं चालत नाही, मंडळीने मिळून दिलेलं चालत नाही. ते उत्तरच पत्रिकेतून काढून टाकलं, तर मागे जे उरतं ते कुणाच्या तक्रारीपासून वाचवण्याइतकं मोलाचं राहत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आमचं शहर उत्सवांवर जीव टाकणारं. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक घ्या, अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे गाड्यांवर सजवलेले देखावे घ्या. कापड गिरण्या बंद पडून किती वर्षं झाली, तरी गिरण्यांच्या झांक्या अजून रात्रभर रस्त्याने निघतात आणि अख्खं इंदूर त्या बघायला जागतं. त्याच प्रेमाने ते २५ डिसेंबरच्या संध्याकाळी चर्चकडे वळतं. १८५८ चं व्हाईट चर्च असो की लाल चर्च, माणसांची रीघ लागते. लेकरांना खांद्यावर घेऊन येतात, गव्हाणीपुढे हात जोडतात, फोटो काढतात आणि तिथून छप्पन दुकान या खाऊगल्लीत जातात. हिंदी बायबलात गव्हाणीला चरनी म्हटलंय, पण रांगेतला माणूस विचारतो, “झांकी कहाँ लगी है?” मला हा शब्द आवडतो. त्यात इंदूरचा आपलेपणा आहे. त्या रांगेतल्या एकाही माणसाला मला परत पाठवायचं नाही.

माझा प्रश्न आत बाकांवर बसलेल्यांना आहे. पहिली अशी झांकी १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी असिसीच्या फ्रान्सिसने मांडली, ज्याच्या नावाचं कॅथेड्रल आमच्या शहरात आहे. वाळल्या गवताने भरलेली गव्हाणी, खरा बैल, खरं गाढव. देवाच्या पुत्राने जन्मतःच किती गैरसोय सोसली, ते डोळ्यांना दिसावं एवढीच त्याची इच्छा होती. गंमत बघा, लूकच्या शुभवर्तमानात ना बैल आहे, ना गाढव. ती जोडी येते यशया संदेष्ट्याच्या पहिल्या अध्यायातून. तिथे देव दुःखाने म्हणतो की बैल आपल्या धन्याला ओळखतो, गाढवाला आपल्या मालकाची गव्हाणी ठाऊक असते, माझ्या लोकांना मात्र ओळख नाही. लहानपणी मला ती जनावरं शोभेची वाटायची. आता त्यांच्याकडे बघताना मान खाली जाते.

मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या दुसऱ्या अध्यायातला एक प्रसंग दरवर्षी वाचला जातो आणि दरवर्षी आपण त्याच्यावरून घसरत पुढे जातो. पूर्वेकडचे ज्ञानी लोक यरुशलेमात येऊन विचारतात, यहुद्यांचा राजा कुठे जन्मला? तिथला राजा हेरोद मुख्य याजकांना आणि शास्त्र्यांना बोलावतो. त्यांना उत्तर तोंडपाठ असतं. बेथलेहेम. संदेष्ट्याच्या वचनासकट ते सांगतात. आणि जागचे हलत नाहीत. यरुशलेमपासून बेथलेहेम नऊ-दहा किलोमीटर. आमच्या इंदूरच्या राजवाडा चौकातून शहराबाहेरच्या राऊला जायला याहून जास्त चालावं लागतं. परके लोक वाळवंट तुडवून आले, नमन करून गेले. ज्यांच्या घरात पोथी होती, ज्यांना अध्याय आणि ओळ ठाऊक होती, ते घरी राहिले. चौथ्या पिढीची ख्रिस्ती म्हणून हा प्रसंग मला माझ्याविषयी वाटतो. मलाही उत्तर तोंडपाठ आहे.

आपल्या मराठी मनाला ही गोष्ट परकी वाटू नये. वारकरी घरात जन्मलेला प्रत्येकजण माळकरी नसतो. घरात एकादशी होते, आजोबा वारीला जातात, पोराला हरिपाठ येतो, तरी माळ त्याची त्यालाच घालावी लागते. एकदा घातली की मांस-मद्य सुटतं, वारीचा नेम लागतो, आणि ती तोडली तर गावाला कळतं. माळ गळ्यात असते, म्हणजे ती ज्याची त्याची. आणि गळ्यात असते, म्हणजे चारचौघांना दिसते. आमच्यात बाप्तिस्मा अनेकदा तान्हेपणी होतो, म्हणून कळत्या वयात दृढीकरण असतं: आईबापांनी माझ्या वतीने दिलेलं वचन आता मी माझ्या तोंडाने देतो. माझ्या दृष्टीने प्रत्येक नाताळ म्हणजे ते वचन पुन्हा देण्याची रात्र आहे.

हे मराठी ख्रिस्ती माणसांनी आपल्या आयुष्यातून कधीच दाखवून दिलंय. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी नाही घेतला. नवऱ्याजवळ परत राहायला आल्यावरही त्या आपलं सोवळं सांभाळून होत्या. त्यांचा बाप्तिस्मा झाला १९०० साली, आपल्या बुद्धीला पटल्यावर, आपल्या पायांनी चालत जाऊन. एका छपराखाली नवऱ्याची श्रद्धा बायकोला आपोआप मिळाली नाही आणि टिळकांनी ती लादलीही नाही. पंडिता रमाबाईंची गोष्ट तर आणखी सखोल. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांनीच लिहून ठेवलं की त्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो भेटायला आणखी सुमारे आठ वर्षं जावी लागली. शास्त्रपारंगत बाई, जगाने आधीच ख्रिस्ती म्हणून मोजलेली, आणि तरी स्वतःशी इतकी प्रामाणिक. आपल्यापैकी कितीजणांनी हे तपासलंय?

म्हणूनच धर्मांतराविषयीच्या आजच्या चर्चेत मला एक मोठी चूक दिसते. आमच्या मध्य प्रदेशात १९६८ पासून या विषयावर कायदा आहे. २०२१ च्या नव्या कायद्याने तर धर्म बदलू इच्छिणाऱ्याने साठ दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं असं ठरवलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने त्या कलमाखाली, स्वतःच्या मर्जीने लग्न करणाऱ्या सज्ञान व्यक्तींवर कारवाई करू नये, असा अंतरिम आदेश दिला. कायद्याचा कीस वकिलांनी काढावा. मला खटकतं ते त्यामागचं गृहीत: श्रद्धा ही कुणीतरी कुणावर करायची क्रिया आहे, आणि तिची तारीख आधी सांगता येते. रमाबाईंनी कोणती तारीख कळवली असती? १८८३ ची, की आठ वर्षांनंतरची? पैशाच्या, औषधाच्या, शाळेच्या लालचीने मिळवलेला विश्वास हा विश्वासच नव्हे, हे मी कुठल्याही व्यासपीठावर उभी राहून म्हणेन. जो माझा मिशनरी बांधव तसं करत असेल, त्याने सर्वांत मोठा अपमान ख्रिस्ताचा केला. पण मग जन्माने आयता मिळालेला, कधीच न तपासलेला विश्वास तरी कुठे विश्वास असतो? दोन्हीकडे माणसाने स्वतः निवडलेलं काहीच नसतं.

संविधानाच्या पंचविसाव्या कलमात धर्माच्या आधी शब्द येतो तो सदसद्विवेकबुद्धीचा. इंदूरहून तासाभराच्या वाटेवर महूला जन्मलेल्या बाबासाहेबांनी स्वतः धम्म स्वीकारला तो १९५६ साली, वीस वर्षांहून अधिक काळ विचार करून, आणि बावीस प्रतिज्ञा उघड्या मैदानात उच्चारून. त्यांच्या आणि माझ्या श्रद्धा वेगळ्या आहेत. पण निर्णय स्वतःचा असावा आणि तो चारचौघांत बोलून दाखवावा, हे मी त्यांच्याकडूनही शिकते.

इथे एक आक्षेप येतोच. श्रद्धा इतकी वैयक्तिक आहे, तर ती घरात ठेवा ना, पत्रिकेवर कशाला? वैयक्तिक आणि खासगी या दोन शब्दांची आपण गल्लत करतो. निर्णय माझ्या एकटीचा असतो म्हणून तो वैयक्तिक. पण त्याने माझं वागणं बदलतं, आणि वागण्याचा संबंध शेजाऱ्याशी, मोलकरणीशी, दुकानदाराशी येतो, म्हणून तो खासगी राहू शकत नाही. माळ सदऱ्याच्या आत लपवून वारी होत नाही. दुसरं म्हणणं असं, की हे सगळं परकं आहे. येशूच्या जन्माची कथा मराठी ओवीत १६१६ साली छापली गेली, फादर स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणात. चारशे वर्षं मराठीत नांदलेल्या नावाला परकं ठरवायला आधी मराठीलाच थोडं लहान करावं लागेल.

सांताक्लॉजबद्दल मला फारसं बोलायचं नाही. अलीकडे आमच्या राज्यात, शाळेत मुलांना सांता बनवण्याआधी पालकांची लेखी संमती घ्या, अशी पत्रं निघाली. माझ्या ओळखीतले काही ख्रिस्ती त्यावर फार दुखावले. मी नाही दुखावले. आईबापांना विचारायला काय हरकत आहे? लाल टोपीत माझा प्रभू नाही. २५ डिसेंबर ही तारीखही बायबलात नाही. तिची सर्वांत जुनी लेखी नोंद रोमच्या चौथ्या शतकातल्या एका पंचांगवजा संग्रहात सापडते, आणि आर्मेनियन ख्रिस्ती आजही ६ जानेवारीला जन्मोत्सव करतात. दरवर्षी कुणीतरी ही माहिती मला मोठा गौप्यस्फोट केल्यासारखी पाठवतं. तारखेने माझा विश्वास उभा राहत नाही आणि पडतही नाही. पण ज्या टोपीसाठी आपण भांडायला उठतो आणि ज्या नावासाठी उठत नाही, त्यावरून आपण नक्की काय साजरं करत होतो ते कळतं.

माझ्या आईला हे शब्दांत मांडता आलं नसतं. छावणीजवळ, ख्रिश्चन कॉलेजपासून चालत पाच मिनिटांवर आमचं दोन खोल्यांचं भाड्याचं घर होतं. नाताळच्या आधीचे चार रविवार, म्हणजे आगमनकाळ, आईच्या लेखी सणाहून मोठे. पहिल्या रविवारनंतर ती घरातली सगळी उधारी गोळा करून मांडायची आणि फेडायला लागायची. किराण्याचं खातं, दूधवाला, शिंप्याचे राहिलेले पैसे. पगारात बसत नसेल तर नवे कपडे रद्द. एका वर्षी आम्हा तिघा भावंडांना जुन्याच फ्रॉक-सदऱ्यांवर चर्चला जावं लागलं आणि मी रडून गोंधळ घातला होता. तिने समजूत काढली नाही. एवढंच म्हणाली, “दुसऱ्याचे पैसे अंगावर घालून प्रभूपुढे उभी राहणार का गं तू?” उधारी झाली की बोलणं तुटलेल्या माणसांची पाळी. त्यांच्या घरी ती स्वतः जायची, चूक कुणाची ते न काढता. करंज्या-शंकरपाळी लाटायला पोळपाट निघायचा तो हे सगळं उरकल्यावर, विसाव्या तारखेनंतर. आमचा किराणावाला मारवाडी होता. आई डिसेंबरात वहीवरचं नाव खोडायला गेली की तो मुलाला हाक मारून सांगायचा, “बडा दिन आ गया.” त्याच्या दुकानासमोर आमचा तारा टांगलेला नव्हता. त्याला नाताळ कळायचा तो फिटलेल्या खात्यावरून.

याहून चांगली पत्रिका मला माहीत नाही. पण आई येशूचं नावही घ्यायची, हेही सांगायला हवं. किराणावाल्याने एकदा विचारलं, महिनाअखेरीला देता आले असते की, घाई कशाला? ती म्हणाली, आमच्या येशूचा जन्मदिवस आहे. त्यावर त्याला धर्मप्रचाराची शंका आली नाही. आधी व्यवहार दिसला होता, मग नाव ऐकू आलं.

याच शहरात २०२३ च्या २५ डिसेंबरला हुकुमचंद मिलच्या कामगारांच्या थकलेल्या देण्यांपोटी २२४ कोटी रुपये सुपूर्द झाले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मिल बंद पडली होती. सुमारे ४,८०० कामगारांच्या हक्काचा तो पैसा होता, आणि त्यातले कितीतरी तो बघायला उरले नव्हते. त्या सकाळी आम्ही चर्चमध्ये गाणी म्हणत होतो. बायबलातल्या याकोबाच्या पत्रात लिहिलंय की कापणी करणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि तो आवाज देवाच्या कानी गेला आहे. तीस वर्षं तो आवाज आमच्या शहरात होता. आमच्या मंडळीने त्या काळात तो किती ऐकला? मला आठवून आठवून एकही प्रार्थना आठवली नाही. मरीयेने बाळ पोटात असताना गाइलेलं स्तोत्र आम्ही दर डिसेंबरात वाचतो: देवाने सामर्थ्यवानांना आसनांवरून खाली ओढलं, भुकेल्यांना उत्तम पदार्थांनी तृप्त केलं. वाचतो आणि चहापानाला उठतो.

खरं वचन किती दूर नेतं, तेही इंदूरने पाहिलंय. सिस्टर राणी मारिया देवास जिल्ह्यातल्या उदयनगर भागात आदिवासी शेतकऱ्यांना सावकारीच्या विळख्यातून सोडवण्यासाठी काम करत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे येताना बसमध्ये भोसकून त्यांचा खून झाला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्येच त्यांना ‘धन्य’, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवर, घोषित करण्यात आलं. पण माझ्या मनात घर करून बसली आहे ती त्यांची धाकटी बहीण, तीही धर्मभगिनी. ती तुरुंगात गेली आणि बहिणीला मारणाऱ्या माणसाच्या मनगटावर तिने राखी बांधली. हे कुठल्या कायद्याने, कुठल्या ठरावाने, कुठल्या वारशाने घडत नाही. एका माणसाने आतल्या आत कधीतरी होकार दिलेला असतो, आणि वेळ आली की तो निभावतो. राखी आपली, क्षमा ख्रिस्ताची. त्या गाठीत कोणती संस्कृती कुठे संपते ते मला वेगळं काढता येत नाही.

माझी ऐपत इतकी नाही. माझ्या धाकट्या दिराशी घराच्या वाटणीवरून चार वर्षं बोलणं बंद होतं. वेदीवर अर्पण ठेवण्याआधी भावाशी समेट कर, हे वचन मी रविवारच्या शाळेत मुलांना शिकवत होते आणि त्याच रविवारी दिराच्या गल्लीऐवजी लांबच्या वाटेने घरी येत होते. मागच्या आगमनकाळात, दुसऱ्या रविवारी, मी त्याच्या घरी गेले. वाटणीचा प्रश्न अजून तसाच आहे. पण त्याने पाणी दिलं आणि आईंच्या गुडघ्यांची चौकशी केली, आणि मी नाताळच्या उपासनेत पहिल्यांदा मोकळ्या आवाजात गायले.

पत्रिकेचं सांगायचं राहिलं. ती तशीच छापली गेली. मी पुन्हा बैठकीत वाद घातला नाही, कारण दुसऱ्याच्या पोरांना माझ्या धैर्याची किंमत मोजायला लावणं बरोबर नव्हतं. माझ्या गल्लीतल्या बावीस पत्रिका मात्र मी मागून घेतल्या. प्रत्येकीवर निळ्या शाईने मराठी घरांसाठी मराठीत आणि हिंदी घरांसाठी हिंदीत एक ओळ लिहिली: प्रभू येशूच्या जन्माच्या आनंदात आपण यावं. खाली माझं पूर्ण नाव आणि फोन नंबर, म्हणजे कुणाला काही विचारायचं असेल तर मलाच विचारतील. पोरांना न पाठवता स्वतः वाटल्या.

समोरच्या काकूंनी चष्मा लावून ओळ वाचली. त्यांच्याकडे गणपतीत आमचं सगळं घर आरतीला जातं, आरती होईतो आम्ही दारात उभे राहतो आणि मग प्रसाद घेतो. पन्नास वर्षांचा रिवाज आहे. त्यांनी पत्रिका देवघराशेजारच्या फळीवर ठेवली आणि विचारलं, “मग आम्ही केव्हा यायचं गं? प्रार्थनेच्या आधी की नंतर, फराळाला?”

मी म्हटलं, “आधी या काकू. मागच्या बाकावर जागा धरून ठेवते.”